सुकेतू मेहता

सुकेतू मेहता (जन्म: १९६३, कोलकाता) हे भारतीय वंशाचे अमेरिकन पत्रकार, लेखक आणि पत्रकारितेचे प्राध्यापक आहेत. मुंबई शहरावरील 'मॅक्सिमम सिटी: बॉम्बे लॉस्ट अँड फाउंड' (२००४) या इंग्रजी ग्रंथामुळे ते जगभर परिचित झाले. हा ग्रंथ २००५ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. 'धिस लँड इज अवर लँड: ॲन इमिग्रंट्स मॅनिफेस्टो' (२०१९) या दुसऱ्या महत्त्वाच्या ग्रंथात त्यांनी स्थलांतरितांच्या हक्कांची उघड बाजू घेतली आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या आर्थर एल. कार्टर पत्रकारिता संस्थेत ते सहयोगी प्राध्यापक आहेत.

पहिल्या ग्रंथात मेहता सोडून गेलेल्या शहरात परततात, तर दुसऱ्यात ज्या देशात गेले त्या देशाशी वाद घालतात. माणूस आपले गाव का सोडतो आणि नव्या ठिकाणी त्याचा हक्क कोणता, हा प्रश्न दोन्ही ग्रंथांच्या मुळाशी आहे.

कुटुंब आणि बालपण

मेहता यांचा जन्म हिऱ्यांच्या व्यापारातील एका गुजराती कुटुंबात झाला. वडिलांचे घराणे कोलकात्यात होते, तर आईचा जन्म केनियातील नैरोबीचा. आईच्या वडिलांनी आयुष्यातील कमाईची बहुतेक वर्षे ब्रिटिश अमलाखालील केनियात घालवली व उतारवयात ते लंडनच्या उपनगरात स्थायिक झाले. म्हणजे सुकेतू यांचा जन्म होण्यापूर्वीच या कुटुंबाची स्थलांतरे दोन खंडांत पसरलेली होती. पश्चिम भारतातील व्यापारी समाजांचा पूर्व आफ्रिकेशी जुना संबंध लक्षात घेता यात अपवादात्मक काही नाही, परंतु मेहता यांच्या पुढील लेखनात या कौटुंबिक इतिहासाला पुराव्याचे स्थान मिळाले.

त्यांचे बालपण दक्षिण मुंबईत नेपियन सी रोड परिसरात गेले. समुद्राकाठच्या या उच्चभ्रू वस्तीत गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांची मोठी संख्या होती. 'मॅक्सिमम सिटी'मध्ये या परिसराच्या आठवणी विस्ताराने येतात. लेखकाची मुंबई प्रथम या एका रस्त्यापुरतीच होती, हे त्या ग्रंथाच्या वाचकाने ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. जोगेश्वरी, मीरा रोड किंवा कामाठीपुरा ही ठिकाणे त्यांनी पुढे पत्रकार म्हणून पाहिली. ती त्यांच्या बालपणाच्या नकाशात नव्हती.

अमेरिकेत स्थलांतर व शिक्षण

१९७७ मध्ये, सुकेतू १४ वर्षांचे असताना, कुटुंब न्यूयॉर्कला गेले. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रीयत्वावर आधारित जुनी कोटा पद्धत मोडीत काढली होती व नातेवाइकांच्या आधारे प्रवेशाचा मार्ग मोकळा केला होता. १९७० च्या दशकात भारतातून अमेरिकेत गेलेल्या असंख्य कुटुंबांप्रमाणे मेहता कुटुंबाचे जाणेही याच बदलाचा परिणाम होते. कुटुंब क्वीन्स उपनगरातील जॅक्सन हाइट्स येथे राहू लागले. दक्षिण आशियाई दुकाने आणि उपाहारगृहांसाठी हा भाग पुढे प्रसिद्ध झाला.

क्वीन्समधील मुलांच्या एका कॅथलिक शाळेत मेहता यांचे शालेय शिक्षण झाले. तेथे वर्ण व धर्म यांवरून वाट्याला आलेल्या अपमानांविषयी त्यांनी नंतर लिहिले आहे. त्या वयात त्यांना मुंबईची ओढ इतकी होती की जॅक्सन हाइट्समधील समवयस्क भारतीय मुलांसह ते जणू परक्या शहरात आपले जुने शहर उभे करू पाहत होते. पदवीचे शिक्षण न्यूयॉर्क विद्यापीठात व त्यानंतर सर्जनशील लेखनाचे शिक्षण आयोवा विद्यापीठाच्या 'रायटर्स वर्कशॉप'मध्ये झाले. आयोवाची ही कार्यशाळा कथा-कादंबरी लेखनासाठी नावाजलेली आहे. मेहता यांच्या वृत्तांतलेखनात प्रसंग, संवाद व पात्रे यांना मिळणारे महत्त्व पाहता या प्रशिक्षणाचा प्रभाव सहज जाणवतो.

पत्रकारितेचा आरंभ

१९९० च्या दशकात मेहता यांनी कथालेखन आणि दीर्घ वृत्तांतलेखन दोन्ही केले. १९९७ मध्ये त्यांना उदयोन्मुख लेखकांसाठीचा व्हायटिंग पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथालेखनाला ओ. हेन्री पारितोषिकही लाभले आहे.

त्यांच्या आरंभीच्या पत्रकारितेत भोपाळ वायुदुर्घटनेवरील लेखन उल्लेखनीय आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती होऊन हजारो लोक मृत्युमुखी पडले होते. बारा वर्षांनी, १९९६ मध्ये, न्यूयॉर्कच्या 'द व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात मेहता यांनी या दुर्घटनेतून वाचलेल्यांच्या स्थितीचा वृत्तांत दिला. बातमी जुनी झाल्यावर तिच्यातील माणसांकडे परत जाण्याची त्यांची रीत येथून दिसू लागते.

१९९७ मध्ये भारतीय स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 'ग्रँटा' या ब्रिटिश नियतकालिकाने भारत विशेषांक काढला. त्यात मेहता यांचा मुंबईवरील लेख प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींनंतरचे शहर हा त्याचा विषय होता. 'मॅक्सिमम सिटी'चे बीज या लेखात आहे.

मॅक्सिमम सिटी

पार्श्वभूमी

१९९८ मध्ये, शहर सोडल्यानंतर २१ वर्षांनी, मेहता पत्नी व दोन मुलांसह मुंबईत राहावयास आले आणि सुमारे अडीच वर्षे राहिले. दरम्यान शहराचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले होते. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' हे नाव इंग्रजीतही लागू केले. मेहता यांनी ग्रंथाच्या शीर्षकात जुने इंग्रजी नाव कायम ठेवले. मराठी व गुजराती भाषकांच्या तोंडी हे शहर पूर्वीपासून मुंबईच होते. त्यामुळे शीर्षकातील 'हरवलेले' बॉम्बे हे प्रामुख्याने इंग्रजीत जगणाऱ्या वर्गाचे शहर आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

ग्रंथाच्या पहिल्या भागात परतलेल्या कुटुंबाला घर, गॅसजोडणी, दूरध्वनी अशा साध्या गोष्टी मिळवताना सोसाव्या लागलेल्या हालांचे वर्णन आहे. या भागाला लेखकाने 'नकाराचा देश' अशा अर्थाचे शीर्षक दिले आहे. घराच्या शोधातून ते थेट भाडेनियंत्रण कायद्याकडे वळतात. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या सुमाराच्या पातळीवर गोठवली. परिणामी मालकांनी दुरुस्त्या थांबवल्या, भाड्याने जागा देणे बंद केले आणि पागडीची पद्धत रुजली. या कायद्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा मार्च २००० मध्ये, म्हणजे लेखक मुंबईत असतानाच, अमलात आला. भाडेकरूंच्या बाजूने अनेक दशके मांडला गेलेला युक्तिवाद ग्रंथात आहे, परंतु लेखकाचा कल कायद्याच्या विरोधात स्पष्ट दिसतो.

आशय

ग्रंथ सत्ता, सुखोपभोग आणि प्रवास अशा तीन भागांत विभागलेला आहे. पहिला भाग सर्वाधिक चर्चिला गेला. त्याच्या केंद्रस्थानी १९९२-९३ च्या दंगली आहेत. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार या दंगलींत ९०० जणांचा मृत्यू झाला. मृतांत ५७५ मुस्लिम व २७५ हिंदू होते. त्यानंतर १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जण ठार झाले. श्रीकृष्ण आयोग १९९६ च्या जानेवारीत राज्य शासनाने गुंडाळला, त्याच वर्षी त्याचे पुनरुज्जीवन झाले व १९९८ मध्ये अहवाल सादर झाला. मेहता मुंबईत आले तेव्हा हा अहवाल ताजा होता, पण त्यातील शिफारशींवर कारवाई होण्याची चिन्हे नव्हती.

आयोगापुढे साक्षी व कागदपत्रे होती. मेहता यांनी वेगळा मार्ग धरला. जोगेश्वरीतील शिवसेनेच्या एका कार्यकर्त्याशी, ग्रंथात ज्याचे नाव सुनील आहे, त्यांनी दीर्घ संवाद साधला. दंगलीत आपण व आपल्या सोबत्यांनी माणसाला जिवंत जाळल्याचे हा तरुण सांगतो. जळणारा माणूस कसा दिसतो, असे लेखक त्याला विचारतात आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे नोंदवतात. संपूर्ण ग्रंथात या प्रसंगाइतका अस्वस्थ करणारा दुसरा प्रसंग नाही. हाच तरुण मुलीचा प्रेमळ बाप आहे व वस्तीतील लोकांची कामे करणारा आहे, हेही लेखक त्याच शांतपणे नोंदवतात.

'पॉवरटोनी' हा शब्द याच भागातून इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला. मुखत्यारपत्रासाठीच्या 'पॉवर ऑफ ॲटर्नी' या इंग्रजी संज्ञेचे हे मुंबईच्या बोलीतील रूप. आपले मंत्री सत्तेत असल्याने पोलीस आपल्याला हात लावणार नाहीत, म्हणजे दुसऱ्याची सत्ता आपण वापरू शकतो, असा त्याचा कार्यकर्त्यांच्या तोंडचा अर्थ आहे. पक्षाची शाखा नळाचे पाणी, शाळाप्रवेश, रुग्णालयातील खाट अशी कामे करून देते आणि त्या बदल्यात निष्ठा मिळवते, ही यंत्रणा मेहता यांनी तपशिलाने मांडली आहे. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांची मुलाखतही ग्रंथात आहे.

पुढील प्रकरणांत पोलीस व संघटित गुन्हेगारी येते. बॉम्बस्फोटांच्या तपासात भाग घेतलेला एक वरिष्ठ पोलीस अधिकारी बदललेल्या नावाने येतो. तो कर्तबगार आणि आर्थिक बाबतीत प्रामाणिक आहे, तरी आरोपींना मारहाण करून बोलते करणे ही त्याच्या कामाची नित्य रीत आहे. लेखक अशा चौकशीच्या वेळी खोलीत उपस्थित होते. न्यायालयांत खटले वर्षानुवर्षे रेंगाळत असल्याने चकमकीत ठार मारण्याला समाजाची मूक संमती मिळते, हे निरीक्षण या प्रकरणात आहे. भाडोत्री मारेकऱ्यांशीही मेहता यांनी अनेक बैठका केल्या. ते बोलत असताना लेखक समोर लॅपटॉपवर टंकन करीत असत. छोटा शकील याच्याशी त्यांचे दूरध्वनीवर बोलणे झाले. 'सुपारी', लाखासाठी 'पेटी', कोटीसाठी 'खोका' अशी मराठी वाचकाला वृत्तपत्रांतून परिचित असलेली परिभाषा येथे इंग्रजी गद्यात सहज मिसळली आहे.

दुसऱ्या भागात डान्स बार व हिंदी चित्रपटसृष्टी आहे. मोनालिसा या बदललेल्या नावाने येणाऱ्या बारनर्तिकेची कहाणी ग्रंथातील सर्वांत दीर्घ व्यक्तिचित्रांपैकी आहे. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर वर्षभरातच, ऑगस्ट २००५ मध्ये, महाराष्ट्र शासनाने डान्स बारवर बंदी घातली. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली व जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्यामुळे या प्रकरणाला आता एका संपलेल्या काळाच्या नोंदीचे मूल्यही आले आहे.

तिसरा भाग तुलनेने शांत आहे. बिहारमधून पळून आलेला, फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर राहून कविता करणारा एक किशोर आणि संपत्तीचा त्याग करून पती, पत्नी व मुलांसह दीक्षा घेणारे हिरेव्यापारातील एक जैन कुटुंब ही यातील प्रमुख चित्रे. लेखकाचे स्वतःचे घराणे हिऱ्यांच्या व्यापारातले असल्याने या दुसऱ्या चित्राला वेगळी धार आहे. पहिल्या भागात पैशासाठी जीव घेणारी माणसे येतात, तर येथे असलेला पैसा टाकून देणारी.

उपनगरी गाडीच्या दारातील दृश्य हा ग्रंथातील बहुधा सर्वाधिक उद्धृत होणारा उतारा आहे. गाडी सुटत असताना धावत येणाऱ्या अनोळखी माणसाला आत ओढून घेण्यासाठी गच्च भरलेल्या डब्यातून हात पुढे येतात. तो हिंदू की मुस्लिम, ब्राह्मण की दलित, हे त्या क्षणी कोणी पाहत नाही. लोकलने रोज प्रवास करणाऱ्यांना हे चित्र काहीसे उजळलेले वाटू शकते, कारण विरारच्या गाडीत बोरिवलीला चढू पाहणाऱ्यास निराळे हातही भेटतात. दंगलीच्या प्रकरणांनंतर लेखकाला या दृश्याची गरज का भासली असावी, हे मात्र समजण्यासारखे आहे.

लेखनपद्धती

ग्रंथातील बहुतेक व्यक्तींची नावे बदललेली आहेत. लेखक स्वतः कथनात सतत उपस्थित असून आपल्या माणसांशी त्यांचे संबंध केवळ मुलाखतीपुरते राहत नाहीत. ते बारनर्तिकेच्या कौटुंबिक प्रश्नांत गुंततात, पोलीस अधिकाऱ्याचे मित्र बनतात, मारेकऱ्यांच्या पंक्तीला बसतात. यामुळे त्यांना जे सांगितले जाते ते दैनिकाच्या वार्ताहराला सांगितले गेले नसते. खून केल्याचे आपल्याला सांगणाऱ्या माणसाविषयी लेखकाचे कर्तव्य काय, हा नैतिक प्रश्नही त्यातून उभा राहतो. मेहता त्याचे ठाम उत्तर देत नाहीत. ते ऐकतात, नोंदवतात व आपल्यालाही त्या ऐकण्याची चटक लागत असल्याची कबुली देतात.

परदेशातून परतलेला माणूस ही त्यांची ओळख या कामात उपयोगी पडली असावी. शहराच्या कोणत्याही टोळीचा, पक्षाचा वा पोलीस ठाण्याचा नसलेला, पण हिंदी व गुजराती बोलणारा असा श्रोता बोलणाऱ्यांना सुरक्षित वाटला. तो एक दिवस निघून जाणार, हेही त्यांना ठाऊक होते.

स्वागत आणि आक्षेप

ग्रंथाला २००५ मध्ये किरियामा पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी तो पुलित्झर पारितोषिकाच्या सर्वसाधारण ललितेतर विभागात अंतिम फेरीत होता व ब्रिटनमधील सॅम्युएल जॉन्सन पारितोषिकाच्या लघुयादीत होता. भारतात त्याला क्रॉसवर्ड पुरस्कार मिळाला. मुंबईवर इंग्रजीत नंतर आलेल्या वृत्तांतपर ग्रंथांची चर्चा बहुधा 'मॅक्सिमम सिटी'च्या तुलनेने होते. त्यांत सोनिया फलेरो यांचे बारनर्तिकांवरील 'ब्यूटिफुल थिंग' (२०१०) व कॅथरीन बू यांचे विमानतळालगतच्या अण्णावाडी वस्तीवरील 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स' (२०१२) यांचा समावेश होतो. बू यांनी कथनातून स्वतःला पूर्णपणे वगळले. मेहता यांच्या पद्धतीच्या हे अगदी उलट टोक आहे.

ग्रंथाची मर्यादा त्याच्या निवडीत आहे. गुन्हेगारी, बार, चित्रपट व दंगल यांना मिळालेल्या जागेच्या मानाने गिरणगाव, १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेले कामगार, कोळीवाडे, दलित वस्त्या आणि मराठी मध्यमवर्गाचे दैनंदिन जीवन यांना फार थोडी जागा आहे. मराठी माणूस ग्रंथात येतो तो बहुधा शाखेतील कार्यकर्ता, पोलीस किंवा राजकारणी म्हणून. शहराचा अंधारा भाग प्रथमच उजेडात आला, असा काही परदेशी वाचकांचा ग्रह मराठी वाचकाला मान्य होण्यासारखा नाही. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५) ही कादंबरी आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२) हा कवितासंग्रह या शहरात खूप आधी उतरले होते. अरुण कोलटकर यांचा, काळा घोडा परिसरातील पदपथावरच्या माणसांचा इंग्रजी कवितासंग्रहही 'मॅक्सिमम सिटी'च्याच वर्षी, २००४ मध्ये, प्रसिद्ध झाला. मेहता यांचे वेगळेपण विषयात कमी आणि एका शहराचे परस्परांना न भेटणारे स्तर एकाच कथनात आणण्यात अधिक आहे.

चित्रपटलेखन

मुंबईतील वास्तव्यात मेहता यांनी विधू विनोद चोप्रा दिग्दर्शित 'मिशन कश्मीर' (२०००) या हिंदी चित्रपटाच्या पटकथालेखनात भाग घेतला. कादंबरीकार विक्रम चंद्रा हेही या लेखनात सहभागी होते. जानेवारी २००० मध्ये चित्रपटाचे नायक हृतिक रोशन यांचे वडील, निर्माते राकेश रोशन यांच्यावर गोळीबार झाला. गुन्हेगारी जगताची चित्रपटसृष्टीवरील दहशत लेखकाला अशा प्रकारे आतून पाहता आली व तिचे वर्णन 'मॅक्सिमम सिटी'त आले.

'न्यूयॉर्क, आय लव्ह यू' या अनेक दिग्दर्शकांच्या लघुपटांच्या संकलनातील मीरा नायर दिग्दर्शित भागाची पटकथा मेहता यांची आहे. मॅनहॅटनच्या हिरेबाजारातील एक जैन व्यापारी आणि विवाहाच्या उंबरठ्यावरील एक सनातनी ज्यू तरुणी यांच्यातील क्षणिक जवळीक हा त्याचा विषय. या भूमिका इरफान खान व नॅटली पोर्टमन यांनी केल्या.

मुंबईवरील २००८ चा हल्ला

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच 'द न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मेहता यांचा लेख प्रसिद्ध झाला. हल्लेखोरांना या शहराचा राग का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शहराच्या ऐहिक, सर्वांना सामावणाऱ्या, पैसा व सुख यांविषयी संकोच नसलेल्या वृत्तीत शोधले. भीतीने दूर राहण्यापेक्षा मुंबईला जाणे, तेथे राहणे व खर्च करणे हाच योग्य प्रतिसाद, असे त्यांनी अमेरिकी वाचकांना सुचवले. या लेखाचा जगभर पुष्कळ प्रसार झाला.

आश्रयार्थींविषयीचे वृत्तांतलेखन

'मॅक्सिमम सिटी'नंतर मेहता यांचे लक्ष हळूहळू न्यूयॉर्ककडे व तेथील नव्या स्थलांतरितांकडे वळले. ऑगस्ट २०११ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये प्रसिद्ध झालेला आश्रयार्थींवरील त्यांचा दीर्घ लेख या काळातील सर्वांत महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत राजकीय आश्रय मिळवू पाहणारी मध्य आफ्रिकेतील एक तरुणी या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. तिच्या कुटुंबाचा छळ खरा आहे. परंतु निर्वासितांच्या जगात असा समज रूढ आहे की, केवळ खरे सांगून अर्ज मंजूर होत नाही. म्हणून ती आपल्या कहाणीत न घडलेल्या बलात्काराची भर घालते. अशा कहाण्या रचून देणारे, त्या अधिकाऱ्यांपुढे कशा सांगाव्या हे शिकवणारे लोकही लेखात भेटतात. आश्रयाची व्यवस्था अर्जदाराकडून कागदोपत्री पुराव्याची अपेक्षा करते, आणि जीव घेऊन पळालेल्या माणसाजवळ नेमका तोच नसतो. मग त्याची कहाणी हेच त्याचे चलन ठरते.

स्थलांतरितांची बाजू घेणाऱ्या लेखकाने हा विषय निवडणे जोखमीचे होते, कारण खोट्या अर्जांचा मुद्दा स्थलांतरविरोधकांच्या प्रचारात नेहमी असतो. मेहता यांनी ते असत्य लपवले नाही वा क्षम्य ठरवून सोडून दिले नाही. त्या तरुणीला खोटे बोलण्याची गरज का वाटली, याचा शोध त्यांनी घेतला. त्यांच्या राजकीय भूमिकेविषयी मतभेद असलेल्या वाचकालाही हा लेख त्यांच्या वृत्तांतलेखनाचा उत्तम नमुना वाटावा.

धिस लँड इज अवर लँड

२०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रे घेतल्यावर काही मुस्लिमबहुल देशांतील नागरिकांच्या प्रवेशावर निर्बंध आले. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर पकडलेल्या कुटुंबांतील मुलांना आईवडिलांपासून वेगळे करण्याचे धोरण राबवले गेले. याच काळात, २०१७ मध्ये, 'फॉरिन पॉलिसी' नियतकालिकात मेहता यांचा स्थलांतरावरील लेख प्रसिद्ध झाला. त्याच विचाराचा विस्तार म्हणजे जून २०१९ मध्ये प्रकाशित झालेला हा ग्रंथ. शीर्षकात वुडी गथ्री यांच्या १९४० च्या प्रसिद्ध अमेरिकी लोकगीताचा पडसाद आहे. गीतातील भूमी तुझी आणि माझी आहे, तर मेहता ती 'आमची' म्हणतात.

ग्रंथाच्या आरंभी आजोबांचा एक प्रसंग आहे. १९८० च्या दशकात लंडनच्या एका उद्यानात एका वृद्ध इंग्रजाने त्यांना, तुम्ही माझ्या देशात का आलात, असे दरडावून विचारले. आम्ही तुमचे धनको आहोत, अशा आशयाचे उत्तर आजोबांनी दिले. तुम्ही आमच्या देशात येऊन संपत्ती नेली, ती वसूल करण्यासाठी आम्ही आलो, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथाचा युक्तिवाद या उत्तराचाच विस्तार आहे. वसाहतवाद, श्रीमंत देशांनी लादलेली युद्धे, बहुराष्ट्रीय कंपन्यांकडून होणारे शोषण आणि हवामानबदल यांमुळे माणसांना घर सोडावे लागते. या चारही कारणांत श्रीमंत देशांचा वाटा मोठा आहे. म्हणून स्थलांतराकडे दयेचा विषय म्हणून न पाहता नुकसानभरपाई म्हणून पाहावे, असे मेहता मांडतात. पुढे स्थलांतरितांविषयीची भीती कशी निर्माण केली जाते याची चर्चा आहे व शेवटी त्यांच्या येण्याने यजमान देशांचाच लाभ होतो, असे प्रतिपादन आहे.

वादाच्या भागांपेक्षा प्रत्यक्ष वृत्तांताचे भाग अधिक टिकाऊ आहेत. अमेरिकेतील सॅन डिएगो व मेक्सिकोतील तिहुआना यांच्यामध्ये 'फ्रेंडशिप पार्क' नावाची जागा आहे. तेथे सीमेच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी ताटातूट झालेली कुटुंबे ठरलेल्या वेळात एकमेकांना भेटत. जाळी इतकी बारीक की त्यातून केवळ करंगळीचे टोक जाई. वर्षानुवर्षे न भेटलेले माय-लेक त्या जाळीतून करंगळ्या टेकवून एकमेकांना स्पर्श करीत. मेहता यांनी ही दृश्ये फारसे भाष्य न करता नोंदवली आहेत.

ग्रंथातील दोन युक्तिवाद एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. स्थलांतर हे ऋणाची फेड असेल, तर ते यजमान देशाला लाभाचे आहे की नाही हा प्रश्न गौण ठरतो. ते लाभाचे आहे म्हणून स्वीकारावे असे म्हटले, तर ऋणाचा मुद्दा मागे पडतो. शिवाय कुशल व शिक्षित माणसे निघून गेल्याने मूळ देशाचे काय होते, याची चर्चा अपुरी आहे. परदेशातून घरी येणारा पैसा हा मेहता यांचा त्यावरील मुख्य प्रतिवाद आहे. जाहीरनाम्याच्या रूपात लिहिलेल्या ग्रंथाकडून संतुलनाची अपेक्षा किती ठेवावी, हा प्रश्न वेगळा. 'मॅक्सिमम सिटी'त निर्णय वाचकावर सोडणाऱ्या लेखकाने येथे मुद्दाम वकिलाची भूमिका घेतली आहे.

अध्यापन व अन्य लेखन

न्यूयॉर्क विद्यापीठात मेहता पत्रकारिता शिकवतात. जेथे ते विद्यार्थी होते, तेथेच ते प्राध्यापक झाले. 'द न्यूयॉर्कर', 'द न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन', 'नॅशनल जिओग्राफिक', 'हार्पर्स', 'टाइम' व 'ग्रँटा' या नियतकालिकांतून त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले आहे. २००७ मध्ये त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली.

'द सीक्रेट लाइफ ऑफ सिटीज' (२०१६) हे छोटे पुस्तक शहरांविषयी आहे. शहराची एक अधिकृत कथा असते आणि एक तेथे राहणाऱ्यांनी एकमेकांना सांगितलेली, अशी त्याची मांडणी आहे. त्याच वर्षी 'व्हॉट इज रिमेम्बर्ड' ही लघुकादंबरी प्रसिद्ध झाली. अमेरिकेत पोहोचलेला तिचा नायक आपल्या आईचे नाव विसरतो आणि ते शोधत फिरतो.